गल्लीतल्या झाडाखाली पार कसा बांधावा

कामावरून येताना दहा मिनिटं टेकावं अशी सावली गल्लीत असली की वस्तीवर जीव जडतो. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८०च्या दशकात यामागचं कारण मांडलं. पानांची सळसळ, खारीची धावपळ यांकडे मन आपसूक जातं आणि दिवसभर ताणलेलं लक्ष तेवढ्यात विसावतं.

पार बांधण्याआधी मे महिन्यात दुपारी चारला आणि साडेपाचला सावली कुठे पडते ते खडूने आखून घ्या. ती खोडाच्या पूर्वेला सरकलेली असते. पश्चिमेला बांधलेला कट्टा संध्याकाळपर्यंत तापतो आणि रिकामाच राहतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती खोडाशी. पार भरीव दिसावा म्हणून दोन फूट भराव टाकतात, वर फरशी ठोकतात. मग मुळांना हवा मिळत नाही, खोडाला ओल धरून राहते. बुंध्याशी थोडी माती उकरून साल अंगठ्याने दाबून पाहा. मऊ लागली, कुबट वास आला, तर भराव लगेच हाताने काढा, कुदळ लावू नका. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली खोडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. किमान तेवढं आळं उघडं ठेवाच. पायासाठी जाड मुळं तोडू नका. मूळ आडवं आलं तर तिथे पाया न खणता दोन बाजूंच्या खांबांवर फरशी टाका.

बैठकीची उंची ४५ सेंमी, रुंदी ६० सेंमी, म्हणजे मांडी घालूनही बसता येतं. वर खरबरीत शहाबादी फरशी घ्या. काळा कडप्पा उन्हात चटके देतो. पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर उतार द्या. आकार काटकोनी ठेवा, सरळ रांगेत बोलणं होत नाही. ज्येष्ठांसाठी एका टोकाला हाताची दांडी लावा. समोर दुचाक्या लागणारच, तेव्हा ६० सेंमी अंतराने दगडी खांब रोवा. चाकाच्या खुर्चीसाठी एक फट ९० सेंमीची सोडा.

झाडच नसेल तर जूनमध्ये मीटरभर खड्डा घेऊन करंज, कडुनिंब किंवा ताम्हण लावा. गुलमोहर नको, वादळात फांद्या मोडतात. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा दीड बादली पाणी घाला. पाण्याच्या पाळ्या घराघरांत वाटून द्या, मुलांनाही द्या. ज्याने पाणी घातलं तो त्या झाडाला खिळा ठोकू देत नाही.