बालीत जेवताना मांजर पायाशी घुटमळलं तर

बालीत वारुंगात, म्हणजे तिकडच्या घरगुती खानावळीत, मासळीचं ताट आलं की मांजर टेबलाखाली हजर होतं. एक तुकडा टाकलात तर आणखी दोन येतात आणि पंजा थेट मांडीवर पडतो. हाकलायची गरज नाही, एवढं करा:

१. आधी कान बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर नसबंदी झालेली आहे, म्हणजे कुणीतरी तिची काळजी घेतंय. खानावळीच्या मालकिणीला विचारा. बरेचदा ती रोज खाऊ घालत असते.

२. द्यायचंच असेल तर जेवण झाल्यावर, टेबलापासून लांब, जमिनीवर ठेवा. हातातून भरवू नका. बिनमसाल्याचा उकडलेला मासा किंवा चिकन, काटे-हाडं काढून. सांबल, म्हणजे तिकडची मिरचीची चटणी, लागलेलं अजिबात नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो मांजरांना विषारी ठरतो. दुधाऐवजी वाटीभर पाणी ठेवा. त्या उकाड्यात त्याचीच खरी गरज असते.

३. खोलीचं दार लावून ठेवा. पिल्लू गोंडस दिसलं तरी उचलू नका, आई जवळपासच असते.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. बालीत २००८ पासून रेबीज आहे. मांजर चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करा. मुंबईला परतल्यावर बघू, असं करू नका.