पोरांच्या आणि त्यांच्या आईबाबांच्या गणिताच्या शंका: उत्तर द्यायचं कसं

घरात, बिल्डिंगमध्ये किंवा नात्यात तुमचं गणित बरं आहे असं एकदा कळलं की रात्री साडेनऊला व्हॉट्सॅपवर वहीचा फोटो येतोच, खाली लिहिलेलं असतं "हे कसं करायचं, उद्या सबमिट करायचंय". उत्तर लिहून पाठवलं की एका मिनिटात विषय संपतो, पण पोराच्या डोक्यात काहीच शिरत नाही आणि परवा परत तोच फोटो. म्हणून माझं ठाम मत, उत्तर सगळ्यात शेवटी, आधी पोरगं नेमकं कुठं अडलंय ते शोधायचं.

त्यासाठी पहिला मेसेज कायम एकच पाठवायचा, "तू काय केलंस त्याचा फोटो टाक, चुकलेलं असलं तरी चालेल, खोडू नकोस". हे खोडू नकोस सांगणं फार महत्त्वाचं आहे कारण मुलं घाबरून खोडरबर फिरवतात आणि आपल्याला जे बघायचंय तेच पुसलं जातं.

आता एक उदाहरण नीट बघा. तिसरी-चौथीतलं पोर ५०३ वजा १८७ चं उत्तर ४८४ लिहितं. आई म्हणते लक्षच नसतं ह्याचं. पण नीट बघितलं तर त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय, ७ मधून ३ गेले ४, ८ मधून ० गेला ८, ५ मधून १ गेला ४. म्हणजे लक्ष पूर्ण आहे, त्याने स्वतःचा एक नियम बनवलाय आणि तो इमानदारीत पाळलाय! ह्याला "हातचा घे रे" असं दहा वेळा सांगून उपयोग नाही कारण मधे शून्य आहे, हातचा घ्यायचा कुणाकडून हेच त्याला कळत नाहीये. अशा वेळी खेळातल्या नोटा काढा, शंभराच्या पाच आणि एक रुपयाची तीन नाणी द्या आणि म्हणा मला १८७ दे. नाणी पुरत नाहीत, दहाची नोट एकही नाही, मग तो स्वतःच म्हणतो शंभरची नोट मोडू या. मोडली की दहाच्या दहा, त्यातली एक परत मोडली की नऊ उरल्या आणि नाणी झाली तेरा. आता १३ मधून ७, ९ मधून ८, ४ मधून १, उत्तर ३१६. हे हाताने झालं की मगच वहीत तीच कृती मांडायची, आणि लगेच दुसरं द्यायचं, ६०४ वजा २७८, ह्यावेळी आपण गप्प बसायचं. ३२६ आलं तर जमलं, ४७४ आलं तर जुनाच नियम अजून चालू आहे, परत नोटा काढा.

लहान मुलांत अजून एक गोष्ट दिसते, त्रेसष्ट सांगितलं की ३६ लिहितात. ह्यात रागवण्यासारखं काही नाही, मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण अडचण खरीच आहे. मी तरी सांगतो त्रेसष्ट म्हण, मग साठ आणि तीन म्हण, मग लिही. महिनाभर असं केलं की सुटतं.

पाचवी ते आठवीचे बहुतेक प्रश्न अपूर्णांक, दशांश आणि चिन्हांवर येतात. ०.३५ मोठं का ०.५ विचारलं की बरीच मुलं ०.३५ म्हणतात कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे. रुपयात विचारा, ३५ पैसे जास्त का ५० पैसे, आणि मग ०.५ च्या पुढे एक शून्य लिहून दाखवा. अपूर्णांकाच्या भागाकारात "उलटा करून गुण" हे सगळ्यांना पाठ असतं पण का उलटा करायचा ते कुणी सांगितलेलं नसतं. आधी साधं विचारा, ३ भाकऱ्यांत अर्ध्या अर्ध्या किती होतील? सहा. म्हणजे ३ भागिले १/२ बरोबर ६. मग पाऊण भाकरीत १/८ चे तुकडे किती? काढून मोजू दे, सहाच येतात. एवढं झाल्यावर नियम सांगितला तर तो डोक्यात राहतो.

कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा पाठ करून घेतलेला क्रम) बद्दल जरा सविस्तर बोलतो कारण ह्यात चांगली चांगली मुलं अडकतात, स्कॉलरशिपला बसणारी सुद्धा. १० − ३ + २ किती? बे आधी आणि व नंतर म्हणून ती ३ आणि २ ची बेरीज करतात ५, मग दहातून पाच गेले ५. बरोबर उत्तर ९. मुलांना सांगायचं की बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जशी येतील तशी करायची. बेरीज आधी करायचीच असेल तर चिन्हासकट उचल, १० आणि २ अधिकवाले, बेरीज १२, त्यातून ३ गेले ९. आकड्याच्या डाव्या बाजूचं चिन्ह त्या आकड्याचं, एवढं एक वाक्य पक्कं झालं की पुढे बीजगणितात फार त्रास वाचतो.

ऋण गुणिले ऋण धन कसं, हा सातवीतला हमखास प्रश्न. कर्ज, तापमान वगैरे उदाहरणांनी पोरं अजून गोंधळतात असा माझा अनुभव, सरळ ओळी लिहून द्या: −३ × २ = −६, −३ × १ = −३, −३ × ० = ०. दर ओळीला उत्तर ३ ने वाढतंय, मग −३ × −१ किती? ते स्वतःच ३ म्हणतात.

सेमी इंग्रजीच्या, म्हणजे गणित इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलांचं वेगळंच असतं. गणित येत असतं पण इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण कळत नाही. आधी ते उदाहरण मराठीत सांगायला लावा, आणि आईबाबांना लसावि म्हणजे एलसीएम, मसावि म्हणजे एचसीएफ, छेद म्हणजे डिनॉमिनेटर अशी यादी देऊन ठेवा, निम्मं भांडण तिथंच मिटतं. बाकी शाळेतल्या बाईंची पद्धत आणि तुमची वेगळी असेल तर पोरासमोर "असं कुठं असतं का" म्हणू नका, दोन्ही करून दाखवा, उत्तर एकच येतं हे त्याला दिसू दे. आणि पाढे पाठ करायचे का असं विचारलं तर माझं उत्तर हो, वीसपर्यंत हवेतच, आठवीत अवयव पाडताना सात आठे किती ह्यावर थांबायला वेळ नसतो.

मोठ्यांचे प्रश्न रोजच्या व्यवहारातले असतात आणि तिथं चूक झाली तर पैसे जातात. १८ टक्के जीएसटी धरून बिल ११८० रुपये, मूळ किंमत किती? लोक ११८० चे १८ टक्के काढून वजा करतात, ९६७.६० येतात. पण टॅक्स मूळ किमतीवर लागलाय, म्हणून ११८० ला १.१८ ने भागा, १००० येतील. तसंच गावाकडचं व्याज, "दोन रुपये शेकडा" म्हणतात ते बहुतेक महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला २४ टक्के. पुस्तकातला दर सहसा द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा असतो त्यामुळे कॉलेजला जाणारी मुलंसुद्धा ते वर्षाचं धरतात. विचारणाऱ्याला आधी विचारा, महिन्याचं का वर्षाचं?

जमिनीचं तर नक्की विचारतात. गुंठा म्हणजे ३३ गुणिले ३३, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर, ४३,५६० चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतं, आणि बरेच जण आर म्हणजेच गुंठा धरतात. एक आर १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. एका गुंठ्यामागे फरक तेराच फुटांचा वाटतो, पण ४० आर ला एकर समजलात तर जवळपास ५०० चौरस फूट कमी येतात, तेवढ्यात छोटा वन बीएचके बसतो. असा प्रश्न आला की उत्तराआधी उताऱ्याचा फोटो मागवा आणि एकक वाचा, आकडा नंतर.

एखादा प्रश्न आपल्यालाही लगेच सुटत नाही, तेव्हा "उद्या सांगतो" लिहा आणि खरंच उद्या सांगा. आणि पोर रडकुंडीला आलं असेल तर त्या रात्री गणित बंद, बाईंना वहीत दोन ओळी लिहून द्यायला आईला सांगा, सकाळी उठून तेच उदाहरण बहुतेक वेळा दहा मिनिटांत होतं.