छोट्या पीसीला एसएसडी घ्यायला निघण्याआधी

जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क, घ्यायची आहे? आधी बॅकअप घ्या. पुढचं सगळं त्यानंतर.

मशीनचं पूर्ण मॉडेल कागदावर लिहून घ्या. ‘डेलचा छोटा डबा’ किंवा ‘लेनोव्होचा टायनी’ एवढंच सांगितलंत, तर दुकानदार हाताशी असेल ते देणार, आणि त्याचा त्यात दोष नाही. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी ही घराण्यांची नावं झाली. आतला बोर्ड पिढीगणिक बदललेला असतो. डेलवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग मिळेल, इतरांच्या तळाला स्टिकर असतो. स्टिकर पुसला गेला असेल, तर विंडोजमध्ये एमएसइन्फो32 (मशीनची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. मग कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचं मॅन्युअल उतरवा. त्याच्या भावंडाचं चालत नाही.

आता झाकण उघडा. निघायच्या आधी उघडा, परत आल्यावर नाही. आत सहसा तीन गोष्टी दिसतात: अडीच इंची ड्राइव्हचा खण, एसएसडीचा एम.2 स्लॉट (पट्टीसारखं चपटं कार्ड घालायची जागा), आणि वायफाय कार्डाचा आखूड एम.2 स्लॉट. वायफायच्या स्लॉटमध्ये स्टोरेज बसत नाही, तो मोकळा दिसला तरी नाद सोडा. अडीच इंची खण वापरणार असाल तर पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची कॅडी (ड्राइव्ह बसवायची चौकट) आणि ड्राइव्ह बोर्डाला जोडणारी चपटी साटा केबल जागेवर आहेत का बघा. या दोन्ही त्या त्या मॉडेलच्याच लागतात आणि जुन्या मशिनीतून हमखास गायब असतात.

आणि स्क्रू. एम.2 स्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, 80 मिलिमीटरवर, एक छोटासा उभा खुंट असतो. त्यात स्क्रू आहे का? मागच्या वेळी मी सगळं बघितलं आणि एवढंच राहिलं. कंपन्यांतून निघालेली मशीन बाजारात येतात तेव्हा आधीच्या ड्राइव्हबरोबर तो स्क्रूही गेलेला असतो, आणि नव्या एसएसडीच्या खोक्यात स्क्रू बहुतेक वेळा येत नाही. एम.2 एसएसडी तिरकी घालायची असते. आत सरकली की बोटाने दाबून आडवी करायची. बोट काढलं की कनेक्टरची स्प्रिंग तिला परत वर उचलते. तिला खाली धरून ठेवणारी वस्तू एकच, तो स्क्रू. चिकटपट्टी लावू नका. आतल्या उष्णतेने डिंक सैल होतो, एसएसडी उचलली जाते, आणि ऐन अपडेटच्या मधोमध मशीन बंद पडतं. माझं तसंच पडलं. लागतो तो स्क्रू सहसा एम2 आट्यांचा (म्हणजे 2 मिलिमीटर जाड; एम.2 स्लॉटशी या नावाचा संबंध नाही), साधारण 3 मिलिमीटर लांब, पसरट डोक्याचा. काही मशिनींत स्क्रूऐवजी प्लॅस्टिकची कळ असते, तर काहींचा स्क्रू वेगळाच निघतो, म्हणून मॅन्युअलमध्ये बघा. खुंटही जागेवर आहे ना, तेही. आधी 42 मिलिमीटरची आखूड एसएसडी असेल, तर खुंट तिथे असतो आणि 80 वर नुसतं भोक.

आता मुख्य निवड. एम.2 हा फक्त आकार आहे. 2280 म्हणजे 22 मिलिमीटर रुंद, 80 लांब. 2242 आणि 2230 त्याहून आखूड. या एकाच आकारात दोन वेगळ्या जातीच्या एसएसडी मिळतात: साटा (जुनी, हळू जोडणी) आणि एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी). स्लॉट साटाचा आहे, एनव्हीएमईचा आहे की दोन्ही चालवतो, हे नुसतं बघून खात्रीने कळत नाही. कनेक्टरच्या कडेला दोन खाचा असलेली साटा एसएसडी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये छान बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) काही म्हणजे काही दिसत नाही. जळत काही नाही, नुसता हेलपाटा पडतो. एक खाच म्हणजे बहुतेक एनव्हीएमई, दोन खाचा म्हणजे बहुतेक साटा. पण दोन खाचांच्या एनव्हीएमईसुद्धा मिळतात, म्हणून खाचा मोजून पैसे देऊ नका. लेबल वाचा आणि मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते वाचा. दुकानात ‘एनजीएफएफ’ म्हणाले तर बहुधा एम.2 साटाबद्दल बोलताहेत, तरीही विचारून खात्री करा. 2012-13 च्या काही मशिनींत एमसाटा नावाचं जुनं कार्ड असतं. ते कार्ड आखूड नि रुंद, यातल्या कशाशीही अदलाबदल होत नाही.

इंटेलच्या चौथ्या पिढीचं किंवा त्याआधीचं मशीन असेल, तर एनव्हीएमईवरून बूट होईल असं धरून चालू नका. त्या काळच्या बहुतेक बायोसना ते जमत नाही. सरळ अडीच इंची साटा घ्या. आठव्या पिढीच्या आधीच्या इंटेलवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा अशा मशिनीवर किती खर्च करायचा ते आधी ठरवा. लिनक्स टाकणार असाल तर हा प्रश्न नाही. मॅक मिनीला ही यादी लागू नाही. 2018 च्या मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डावरच जोडलेलं आहे, आणि 2024 च्या एम4 मध्ये सुटं असलं तरी ते ॲपलचं स्वतःचं, बाजारातली एम.2 त्यात जात नाही.

वेगाच्या आकड्यांना भुलू नका. साटा सेकंदाला साधारण 550 एमबीवर थांबतं, जेन3 (तिसऱ्या पिढीची) एनव्हीएमई 3,500 च्या आसपास, जेन4 (चौथ्या पिढीची) सुमारे 7,000. जेन4 ची एसएसडी जेन3 स्लॉटमध्ये चालते, पण जेन3 च्याच वेगाने. टॅलीसाठी, शाळेच्या प्रोजेक्टसाठी किंवा घरच्या कामासाठी हार्ड डिस्कवरून आलेल्या माणसाला साटासुद्धा जमीन-अस्मानाचा फरक दाखवते, कारण खरा वेळ जायचा तो डिस्कची सुई जागा शोधण्यात. उरलेले पैसे रॅमला लावा.

जाडीकडे मात्र लक्ष द्या. वर ॲल्युमिनियमचा उष्णताशोषक चिकटवलेली एसएसडी छोट्या डब्यात अडीच इंची कॅडीखाली मावत नाही. साधी, एका बाजूला चिप असलेली घ्या. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि टीव्हीमागे टांगलेल्या डब्यात तर हवाच खेळत नाही. भन्नाट वेगाची जेन4 तिथे तापून स्वतःच हळू होते.

साइज 500 जीबी. पेशी टीएलसी (एका पेशीत तीन बिट), क्यूएलसी (चार बिट, लवकर झिजते) टाळा. 500 जीबीच्या चांगल्या टीएलसीला साधारण 300 टीबीडब्ल्यूची, म्हणजे एकूण 300 टेराबाइट लिहिण्याची, हमी असते, घरात ती सहज पुरते. डीरॅम (एसएसडीची स्वतःची मेमरी चिप) नसलेली एनव्हीएमई चालेल, ती मशिनीची थोडी रॅम उसनी घेते. डीरॅम नसलेली स्वस्त साटा मोठी फाइल लिहिताना रडवते.

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, जाणार असाल तर गाडी नेऊ नका, मेट्रोने मंडईला उतरून चालत जा. मॉडेलचा कागद, स्लॉटचा फोटो, मॅन्युअलचं ते पान मोबाइलमध्ये. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो. आणि स्क्रू घ्या. एसएसडी पिशवीत टाकण्याआधी घ्या. दुकानदाराकडे नसेल तर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे विचारा, आणि एक नाही, दोन घ्या, कारण एवढासा स्क्रू बोर्डाखाली घरंगळला की दिसत नाही. बारीक टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घरी नसेल तर तोही.

घरी आल्यावर: बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मशिनीबाहेर लिहून ठेवा, मगच क्लोनिंग, म्हणजे जुन्या डिस्कची नव्यावर हुबेहूब नक्कल. बायोसमध्ये साटा मोड रेड असेल आणि विंडोज त्यावरच टाकलेलं असेल, तर एएचसीआय करू नका, निळा पडदा येतो. अकराव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या इंटेलवर नव्याने विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसला नाही, तर बायोसमधलं व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह सांभाळायची सोय) बंद करा किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. नव्याने टाकताना बूटची पद्धत यूईएफआय आणि डिस्कची मांडणी जीपीटी ठेवा. वायर काढा, पॉवरचं बटण दाबून धरा, पत्र्याला हात लावा (अंगातली स्थिर वीज उतरते), बसवा. स्क्रू लावा, पण आवळू नका, आटे मऊ असतात.

चालू झालं की क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालू राहिलेले तास बघा. नव्या एसएसडीवर शेकडो तास दिसले तर त्याच दिवशी परत न्या. जुनी डिस्क महिनाभर पुसू नका.