नदीकाठची राजधानी कागदावर वसवायची तर आधी पूर आणा

माझ्या भाच्याला गोष्टींसाठी देश रचायचा नाद आहे. वहीच्या मधोमध तो राजवाडा काढतो आणि शेजारून एक निळी रेघ ओढतो. मी जन्माची सांगलीकर, आणि पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून नकाशे काढण्यात उभी नोकरी गेली. मला ती रेघ बघवत नाही. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून त्याच्या निमोर देशातल्या एका सुभ्याची राजधानी नव्याने वसवली. नदीचं नाव तांबणी, शहराचं तांबउतार. ते कसं केलं, तेच सांगते.

पेन्सिलीने आधी नदी काढा, सरळ नको, वळणाची. वळणावर बाहेरच्या काठाला पाणी आदळतं, काठ कातरतो आणि तिथे डोह होतो. आतल्या काठाला पाणी मंदावतं, वाळू आणि गाळ बसत जातो. नावा लागतील त्या बाहेरच्या बाजूला, खोल पाण्यात, पण तिथे काठाला कातळ हवा, नाहीतर शंभर वर्षांत बाजारपेठ नदीत जाईल. आतल्या बाजूला मळई करा, भाजीची. कृष्णाकाठची वांगी अशा गाळाच्या जमिनीतच चवीला उतरतात. आणखी एक, उपनद्या येऊन मिळतात, फुटून निघत नाहीत. नदी फुटते ती समुद्राजवळ. भाच्याने पहिल्या नकाशात डोंगरातच नदीचे दोन फाटे केले होते, ते मी खोडायला लावले.

माणसं मुळात तिथे का थांबली, हेही ठरवा. आमच्या तांबउतारला उन्हाळ्यात पायउतार आहे, गुडघाभर पाण्यातून बैलगाडी पलीकडे जाते. नाव त्यावरूनच पडलं.

आता पूर. इथे घाई करू नका.

सांगलीत १९२९ साली आयर्विन पूल झाला. पाणी चढायला लागलं की अख्खं गाव एकच विचारतं, "पुलाजवळ किती फूट?" चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं. नाशिकला हेच माप दुतोंड्या मारुती देतो. गोदावरी त्याच्या कमरेला लागली की गळ्याला, यावरून लोक पूर ओळखतात. तुमच्या शहरालाही असं एक माप द्या, आकड्यांचं नको, डोळ्यांना दिसेल असं. तांबउतारच्या घाटावर दगडी रेडा आहे. पाणी त्याच्या खुरांना लागलं की भाजीबाजार उठतो, पोटाला लागलं की पेठेतला माल माळ्यावर चढतो. शिंगं बुडाली की सुभेदाराने वाड्याचे दरवाजे उघडायचे आणि खालच्या आळ्यांतल्या लोकांना आत घ्यायचं, असा त्या शहराचा रिवाज. हा रिवाज भाच्याला सुचला, आणि शहर त्या क्षणी जिवंत झालं असं मला वाटतं.

मग पूररेषा आखा. आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सुभ्याची राजधानी म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी : शेतसाऱ्याच्या धान्याचं कोठार, दफ्तर आणि न्यायाची कचेरी. तिन्ही लाल रेषेच्या वर. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, हळद जमिनीतल्या पेवांत साठवायचे. वर्षानुवर्षं हळद उत्तम टिकायची, पण २००५च्या पुरात पाणी शिरून पेवंच्या पेवं गेली. कोठार कुठे बांधायचं हे भाच्याला समजावताना मी त्याला हेच सांगितलं. गरिबांची घरं मात्र निळ्या रेषेच्या आत येणारच. कुंभार, कोळी, परीट यांचं काम पाण्याशी. त्यांची घरं काढताना हात अडतो, अडू द्या, तुमची गोष्ट तिथूनच निघेल.

घाटांचा क्रम प्रवाह बघून लावा. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी, त्याखाली आंघोळी, मग धुणी, मग गुरं. चांभारांची कुंडं आणि स्मशान सगळ्यांत खाली. शहर वाढलं की वस्ती खाली सरकते आणि स्मशान मध्येच येतं. जुन्या शहरात हे मुद्दाम दाखवा.

पूल काढायचा मोह होईल, पण आम्ही ठेवला नाही. उन्हाळ्यात पायउतार, एरवी नाव, आणि पावसाळ्यात तर तीही बंद, म्हणजे चार महिने पैलतीराला सुभेदाराचा हुकूम पोचत नाही. तिथे एक धाकटा न्यायाधीश बसवावा लागला, आणि दसऱ्याला पहिली नाव सुटली की त्याचे निकाल फिरवून घ्यायला लोक रांगा लावतात. पैलतीराच्या वस्तीचं नाव तांबउतार खुर्द, अलीकडची बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे थोरलं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. खुर्दच्या लोकांना ते नाव आवडत नाही. ते आपल्या गावाला नुसतं 'पल्याड' म्हणतात.

शेवटी रबर घ्या आणि नदीचं एक जुनं वळण पुसट करून ठेवा, पूर्ण पुसू नका. नदीने सोडलेल्या त्या पात्रात आता बाभळी आहेत, गुरं चरतात, आणि विहीर खणली की वाळू लागते.