जुनी 800 मिसिंग करतेय? कार्बोरेटर खोलण्याआधी या चुका टाळा

मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये बंद झालं, तरी तालुक्याच्या गावांत ती अजून रोज धावताना दिसते. गॅरेजात येते तेव्हा मालकाची तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते: गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखादं सिलेंडर मधेच पेटत नाही. 796 सीसीच्या या इंजिनाला सिलेंडर तीनच. क्रँक 240 अंश फिरला की पुढच्या सिलेंडरची पाळी येते. त्यातलं एक मारायचं थांबलं की एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत 480 अंश जातात. चार सिलेंडरच्या गाडीत जेमतेम जाणवणारा बिघाड इथे गिअरच्या दांड्यापासून आरशापर्यंत सगळं हलवतो.

तसं तीन सिलेंडरचं इंजिन मुळातच थोडं हलतं, आणि माउंटिंगचं रबर बसलं असेल तर जास्तच. म्हणून आधी सायलेन्सरच्या तोंडापासून थोडं लांब हात धरा. धुराचे ठोके एकसारखे येत असतील तर इंजिनात काही नाही, माउंटिंग बघा. मधेच एक ठोका गळत असेल तर पुढे वाचा.

कुठलं सिलेंडर ते न शोधता सामान बदलणं

सगळ्यात महाग चूक हीच. प्लग बदलले, वायर बदलल्या, कॉइल बदलली, कार्बोरेटर धुतला, आणि गाडी होती तशीच. बिघाड एका सिलेंडरमध्ये असेल तर कॉइल आणि कार्बोरेटर यांच्यावर संशय घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते दोन्ही तिन्ही सिलेंडरना मिळूनच आहेत.

इंजिन गरम करा, आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) किंचित वाढवा आणि एकेका प्लगची वायर काढून बघा. चालू सिलेंडरची वायर काढली की इंजिन लगेच दबतं, बंदही पडू शकतं. जिची काढूनही काही फरक पडत नाही, तेच सिलेंडर मेलेलं. वायर ओढायची ती रबरी टोपीला धरून आणि प्लास्टिकच्या मुठीच्या पक्कडीनं. नुसत्या हातानं धरलीत तर असा झटका बसेल की बॉनेटवर डोकं आपटेल. काढलेली वायर लोंबकळत ठेवू नका. तिच्या टोकाला एक जुना प्लग लावून तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवा, नाहीतर करंट डेल्कोच्या (प्लगना पाळीनं करंट वाटणाऱ्या भागाच्या) कॅप, रोटर किंवा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमधून वाट काढतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत (चार महानगरांत तो 1995 पासून सक्तीचा झाला) ही चाचणी काही सेकंदांत उरका, कारण न जळलेलं पेट्रोल थेट त्यात जातं. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीत प्लगच्या वायरीऐवजी इंजेक्टरचा कनेक्टर काढलेला बरा.

सिलेंडर सापडलं की त्याचा प्लग शेजारच्या प्लगशी अदलाबदल करा. मिसिंग शेजारी गेलं तर दोष प्लगचा. नाही गेलं तर वायर बदलून बघा. पैसे शून्य, वेळ अर्धा तास. वायरींना आधी चिकटपट्टीनं नंबर घाला. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) 1-3-2 आहे आणि दोन वायरी उलटसुलट झाल्या तर नवीनच दुखणं मागे लागतं.

प्लग बाहेर ठिणगी टाकतो म्हणजे चांगला आहे, असं समजणं

मोकळ्या हवेत ठिणगी पडायला फार व्होल्टेज लागत नाही. सिलेंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तीच ठिणगी उडवायला कितीतरी जास्त लागतं. त्यामुळे टेबलावर टकाटक चालणारा प्लग चढावर दगा देतो. गॅस किट असलेल्या गाडीत तर हे आधी कळतं: पेट्रोलवर बरी चालते, सीएनजीवर टाकली की झटके. तिथे किटवाल्याकडे पळण्याआधी प्लग आणि वायरी तपासा. नवीन प्लगचा गॅपही फिलर गेजनं मोजूनच लावा, साधारण 0.7 ते 0.8 मिमी.

काढलेला प्लग नीट बघा. पेट्रोलनं ओला असेल तर ठिणगी पडत नाही. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. आणि एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर खूश होऊ नका. त्या सिलेंडरमध्ये बहुधा रेडिएटरचं पाणी शिरतंय.

डेल्कोची कॅप नुसती फडक्यानं पुसणं

पावसाळ्यात सकाळी मिसिंग आणि दुपारी गाडी ठणठणीत, असं असेल तर ओलावा. पण कॅप पुसून थांबू नका. उजेडात धरून आत बघा: दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल तर करंट त्या रेघेवरून पळतोय. ती घासून जात नाही, कॅपच बदलावी लागते. वायरींसाठी अंधारात इंजिन चालू ठेवून पाण्याचा हलका फवारा मारा. फुटलेल्या जागी निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. पॉइंट (डेल्कोतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेल्या जुन्या मॉडेलमध्ये गॅप 0.4 ते 0.5 मिमी ठेवा, आणि नवे पॉइंट लवकर काळे पडत असतील तर कंडेन्सर बदला.

मिसिंग कधी होतं याकडे लक्ष न देणं

फक्त आयडलिंगला होत असेल तर कुठेतरी हवा ओढतेय: कार्बोरेटरखालची गॅस्केट, फाटलेला व्हॅक्युम पाइप. चढावर होत असेल तर बहुधा करंटचा दोष. सरळ रस्त्यावर वेग वाढवल्यावर होत असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणून फिल्टर आणि पंप. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जास्त असतो आणि कार्बोरेटरला त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेता येत नाही. आधीच पातळ लावलेलं मिश्रण त्यानं आणखी पातळ होतं, आणि जुने रबरी पाइप लवकर खराब होतात ते वेगळंच.

टॅपेट वाजत नाहीत म्हणून निर्धास्त राहणं

वाजणारा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) निदान ओरडून सांगतो. गॅसवर चाललेल्या जुन्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि क्लिअरन्स (टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट) संपतो. आवाज बंद होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळू लागतो. क्लिअरन्स इंजिन थंड असतानाच मोजा.

तरीही सिलेंडर मेलेलंच असेल तर कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) गेजनं बघा. तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. कमी भरलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह, आणि शेजारची दोन सिलेंडर सारखीच पडलेली असतील तर त्यांच्या मधली हेड गॅस्केट. गॅस्केट निघाली तर गाडी टो करूनच गॅरेजात न्या. तापलेलं हेड एकदा वाकलं की नुसत्या नव्या गॅस्केटनं भागत नाही, हेड मशीनवर सपाट करून आणावं लागतं.