मदरबोर्ड बदलायचाय, पण विंडोज नव्याने टाकायची नाही? मग आधी एवढं करा

स्क्रू ड्रायव्हर इतक्यात उचलू नका. यातली निम्म्याहून जास्त कामं जुना पीसी धडधाकट चालू असतानाच करायची आहेत. विंडोज 10 किंवा 11 असेल तर जुनी डिस्क तशीच नव्या बोर्डाला लावून बहुतेक वेळा चालते. एक्सपीच्या काळात बोर्ड बदलला की निळा पडदा जवळपास ठरलेलाच असायचा. आताची विंडोज पहिल्या बूटला नवं हार्डवेअर ओळखते, स्वतःच एखाद-दोनदा रीस्टार्ट होते आणि डेस्कटॉप पुढ्यात येतो. ती अडते ती भलत्याच ठिकाणी.

ते ठिकाण म्हणजे बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला लावलेल्या कुलपाची (एन्क्रिप्शनची), रिकव्हरी की. मागच्या वेळी माझी हीच राहिली होती, त्यामुळे यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. ‘मी बिटलॉकर कधी चालूच केलं नाही’ हे सांगू नका. होम आवृत्तीत तेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असतं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक पीसींवर न विचारता चालू होतं. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती कोरी टाकली असेल तर ते चालूच आहे असं धरून चाला. विंडोज 11 च्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन डोळ्यांनी बघा. डिस्क उघडणारी किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा-घटकाच्या ताब्यात असते, आणि टीपीएम असतं प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या आत, नाहीतर बोर्डावर वेगळ्या चिपमध्ये. तुम्ही हे सगळंच काढून ठेवणार आहात. मग नव्या बोर्डावर पहिल्याच बूटला निळ्या पडद्यावर 48 आकडे मागितले जातात, सहा-सहाचे आठ गट.

हे आकडे कागदावर हवेत. कागदावर. त्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवलेली की म्हणजे कपाटात कोंडलेली कपाटाचीच किल्ली. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते हे खरं, पण कोणाच्या अकाउंटवर? पीसी पहिल्यांदा सुरू करताना भावाने किंवा दुकानदाराने स्वतःचं अकाउंट टाकलं असेल तर की तिकडे असू शकते. शिवाय एकाच अकाउंटवर जुन्या लॅपटॉपच्या आणि फॉरमॅट केलेल्या डिस्कच्या चार-पाच कीज पडलेल्या असतात. म्हणून कीसोबत तिच्या आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहून घ्या. निळ्या पडद्यावर आयडी दिसतो, तो जुळवून बघता येतो. डी ड्राइव्ह एन्क्रिप्टेड असेल तर त्याची की वेगळी. तीही लिहा.

की लिहून झाल्यावर कुलूप तात्पुरतं काढून ठेवायचं. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करता येतं. यात एक मेख आहे: असं केलेलं सस्पेंड पुढच्या रीस्टार्टला आपोआप संपतं. म्हणजे सस्पेंड केलं, मग ‘बायोसमधलं, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं, एक सेटिंग बघून घेऊ’ म्हणून पीसी पुन्हा विंडोजपर्यंत चालू केला, की कुलूप परत लागलं. सस्पेंड हे अगदी शेवटचं काम. त्यानंतर थेट शटडाऊन. होम आवृत्तीच्या सेटिंग्जमध्ये सस्पेंडचं बटण नाही, तिथे डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. मोठी डिस्क असेल तर वेळ लागतो, लागू द्या. आणि हे सगळं केलं तरी की कागदावर हवीच. सस्पेंड केलंय या भरवशावर राहू नका.

पिनवर तर अजिबात राहू नका. रोज चार आकड्यांचा पिन टाकून आत जाणाऱ्यांना खरा पासवर्ड आठवत नसतो. पिनही टीपीएमशी बांधलेला असतो, नव्या बोर्डावर तो चालत नाही. पासवर्ड आजच एकदा टाकून बघा. वेबसाइटच्या पासकीज (पासवर्डऐवजीच्या लॉगिन-किल्ल्या) या पीसीच्या विंडोज हॅलोमध्येच ठेवल्या असतील तर त्याही जातील, त्या साइटवर आत जायची दुसरी वाट आधी करून ठेवा.

ॲक्टिव्हेशन. विंडोजचं डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेलं असतं. सेटिंग्जच्या ॲक्टिव्हेशन पानावर लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं आहे असं लिहून येतंय का ते बघा. नसेल तर आत्ताच जोडा. नंतर त्याच पानावरच्या ट्रबलशूटरमध्ये ‘या डिव्हाइसचं हार्डवेअर नुकतंच बदललं’ अशा अर्थाचा पर्याय येतो, तो अकाउंटशी जोडलेल्यांनाच कामाचा. ब्रँडेड पीसीसोबत आलेलं ओईएम लायसन्स नियमाप्रमाणे त्या बोर्डासोबतच संपतं. तुमचं तसं असेल तर नव्या लायसन्सचा खर्च आधीच धरून ठेवा, मागाहून कपाळाला हात लावू नका.

आता बूट मोड. सिस्टम इन्फर्मेशन उघडा, ‘बायोस मोड’समोर यूईएफआय (नवी बूट पद्धत) आहे की लेगसी (जुनी) ते बघा. लेगसी असेल तर डिस्क बहुधा एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची आहे आणि बऱ्याच नव्या बोर्डांवर, निदान ग्राफिक्स कार्डाशिवाय, ती बूटच होणार नाही. विंडोज 10 च्या 1703 पासून एमबीआर-टू-जीपीटी हे साधन विंडोजमध्येच येतं, डेटा न पुसता रूपांतर करतं. पण ते जुन्या बोर्डावर, बॅकअप घेऊन आणि आधी तपासणीच्या पर्यायासह चालवा. दोन-तीन डिस्क असतील तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल ठेवलेला भाग) कुठल्या डिस्कवर आहे ते पाहून ठेवा. विंडोज एका डिस्कवर आणि बूटची फाइल दुसऱ्या जुनाट हार्ड डिस्कवर, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो, आणि ‘ही आता कशाला’ म्हणून नेमकी तीच डिस्क काढली जाते.

जुन्या बायोसमध्ये सॅटा मोड (डिस्क चालवायची पद्धत) एएचसीआय आहे की रेड, तेही टिपा. इंटेलच्या काही नव्या बोर्डांवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं, त्यामुळे विंडोजला स्वतःची डिस्क दिसत नाही आणि ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. ते बायोसमधून बंद करायचं. पण बायोसमधल्या अशा फेरफारानंतरसुद्धा बिटलॉकर की मागू शकतं. कागद टेबलावर आहे ना?

नव्या बोर्डाचा लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. 2.5 गिगाबिटची लॅन चिप विंडोज 10 ला अनेकदा ओळखता येत नाही. मग इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून इंटरनेट नाही. जुन्या बोर्डाच्या कंपनीचं पंखे-दिवे सांभाळणारं आणि ओव्हरक्लॉकिंगचं सॉफ्टवेअर काढून टाका. मशीनला बांधलेली महाग सॉफ्टवेअर डीॲक्टिव्हेट करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर शटडाऊन केलेली विंडोज खरं तर अर्धवट झोपलेली असते. बॅकअप घ्या; हे सांगायला लागू नये.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण बाकीचं सगळेच बघतात. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर प्रोसेसरपुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते, ती तपासा. बायोस अपडेट करायचं असेल तर जुनी डिस्क जोडायच्या आधी करा. डीडीआर4 रॅम डीडीआर5 च्या खाचेत बसत नाही, आणि एएमडीच्या एएम5 सॉकेटला (प्रोसेसरच्या बैठकीला) डीडीआर5 च लागते. कूलरची पट्टी तपासाच: इंटेलच्या एलजीए1200 सॉकेटची भोकं 75 मिलिमीटरवर, एलजीए1700 ची 78 वर, जुनी पट्टी बसत नाही. एएम4 चा कूलर मूळ बॅकप्लेट वापरणारा असेल तर एएम5 वर चालतो. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही. थर्मल पेस्ट ताजी.

उघडण्याआधी जुन्या जोडणीचे फोटो काढा. एएम4 चा प्रोसेसर असेल तर पीसी थोडा वेळ जोरात चालवून पेस्ट कोमट होऊ द्या आणि कूलर फिरवत-फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो आणि त्याच्या पिना वाकतात. एलजीए सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे बोट लावू नका. कॅबिनेटमधले जास्तीचे स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो ते छोटे खुंट) काढा. एसएमपीएसची प्रोसेसरसाठीची 8 पिनांची वायर आणि ग्राफिक्स कार्डाची 8 पिनांची वायर दिसायला सारख्या, पण वेगळ्या, जबरदस्ती नको. एम.2 च्या काही खाचा वापरल्या की एखाद-दोन सॅटा पोर्ट बंद पडतात, मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

पहिल्या बूटला डीडीआर5 असेल तर पडदा काही मिनिटं काळाच राहतो, रॅमचं ट्रेनिंग चालू असतं. लगेच बटण दाबून बंद करू नका. एएमडीच्या बोर्डावर ‘नवीन सीपीयू’ असं सांगून एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करू का म्हणून वाय की एन विचारतात. तिथेच लिहिलेलं असतं की बिटलॉकर असेल आणि की नसेल तर डिस्क उघडणार नाही. बोट वायवर न्यायच्या आधी कागद बघा. निळा पडदा आला आणि की नाहीच, तर एकच वाट: सगळं उलगडून जुना बोर्ड आणि जुना प्रोसेसर परत जोडायचा, त्याचं टीपीएम पुसलेलं नसेल तर डिस्क तिथे गुपचूप उघडते. मी तेच केलं होतं, चरफडत. म्हणून जुना बोर्ड लगेच विकू नका.

पुढचं भराभर: लॅनचा ड्रायव्हर, चिपसेटचा ड्रायव्हर, ॲक्टिव्हेशन, नवा पिन. एन्क्रिप्शन पूर्ण बंद केलं होतं तर परत चालू करताना नवी की तयार होते, जुना कागद बाद. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा जादा वेग) सगळं स्थिर चाललं की मगच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की जुन्या बोर्डाची फिक्कट चिन्हं दिसतील. काढली तरी चालतं, राहिली तरी बिघडत नाही.