रक्तस्रावानंतर मेंदूच्या धमन्या का आकुंचतात: लिपिड संकेतांच्या संशोधनात या चुका टाळा

मेंदूच्या धमनीवरील फुगा, म्हणजे एन्युरिझम, फुटून मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त सांडले की पहिल्या आघातातून वाचलेल्या रुग्णावरही साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान दुसरे संकट येऊ शकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या धमन्या आकुंचतात, अनेक दिवस तशाच राहतात आणि काही रुग्णांच्या मेंदूला रक्त कमी पडते. एकर आणि रीमेनश्नायडर यांनी १९५१ मध्ये हे आकुंचन अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या क्ष-किरण चित्रात) दाखवले. त्याला व्हॅसोस्पाझम म्हणतात. त्यामागील कारणांत स्फिंगोसीन-१-फॉस्फेट, स्फिंगोसिलफॉस्फोरिलकोलीन, थ्रॉम्बॉक्सेन ए२ आणि २०-एचईटीई या लिपिड (मेदवर्गीय) रेणूंकडे गंभीरपणे पाहिले जाते. या विषयात काम सुरू करणाऱ्यांकडून काही चुका पुन्हापुन्हा होतात आणि त्यांची किंमत रुग्णांना मोजावी लागू शकते.

धमनी रुंदावली म्हणजे रुग्ण वाचला असे मानणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. एंडोथेलिन या धमनी आकुंचवणाऱ्या रेणूला रोखणाऱ्या क्लाझोसेंटान या औषधाने अँजिओग्राफीत दिसणारे आकुंचन स्पष्टपणे कमी केले, परंतु २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रुग्णांची अंतिम स्थिती त्यामुळे सुधारली नाही. उलट निमोडिपिनने, म्हणजे १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम याप्रमाणे २१ दिवस दिलेल्या औषधाने, मेंदूतील इन्फार्क्ट (रक्ताअभावी मेलेले भाग) आणि वाईट परिणाम कमी केले. मात्र मोठ्या धमन्या रुंदावणे हे त्यामागचे पुरेसे स्पष्टीकरण ठरत नाही. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील गुठळ्या, मेंदूच्या पेशींत पसरणाऱ्या विद्युत लाटा आणि सुरुवातीलाच झालेली इजा यांचाही वाटा असतो. म्हणून एखाद्या लिपिड मार्गाला अडवणारे द्रव्य तपासताना केवळ धमनीचा व्यास मोजून थांबू नये. इन्फार्क्ट आणि रुग्णाची कार्यक्षमता हे निकष पहिल्या दिवसापासून आराखड्यात असावेत.

सगळे आकुंचन कॅल्शियमच्या खात्यात टाकणे

गुळगुळीत स्नायूपेशीत कॅल्शियम वाढले की ती आकुंचते, हे खरे आहे. परंतु जपानमधील यामागुची विद्यापीठातील कोबायाशी यांच्या गटाने दाखवले की स्फिंगोसिलफॉस्फोरिलकोलीन पेशीतील कॅल्शियम फारसे न वाढवता धमनी आकुंचवू शकते. तेथे फिन नावाचे टायरोसीन कायनेज (संकेत पुढे नेणारे एन्झाइम) सक्रिय होते, त्यामागोमाग ऱ्हो-कायनेज जागे होते, स्नायू सैल करणारे मायोसिन फॉस्फेटेज दबते आणि आहे त्याच कॅल्शियमवर स्नायू अधिक ताण धरतो. ऱ्हो-कायनेज रोखणारे फासुडिल जपानमध्ये १९९५ पासून या आजारासाठी वापरात आहे. ईपीए हे माशांच्या तेलातील मेदाम्ल फिनची हालचाल अडवते, असेही याच गटाने मांडले. प्रयोगात ताण वाढला, पण कॅल्शियमचा संकेत वाढला नाही, तर कॅल्शियम दाखवणारे रंगद्रव्य बिघडले असे लगेच ठरवू नका. पोटॅशियम क्लोराइडने कॅल्शियमवर आधारित आकुंचन करून धमनीच्या त्याच तुकड्यावर तुलना करा आणि ताण व कॅल्शियम एकाच वेळी नोंदवा.

नमुन्यातच तयार झालेला रेणू रोगाचा मानणे

तांबड्या पेशींत स्फिंगोसीन-१-फॉस्फेटचा मोठा साठा असतो आणि रक्त गोठताना प्लेटलेटही ते सोडतात, त्यामुळे सीरममधील (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातील) पातळी प्लाझ्मापेक्षा (न गोठलेल्या रक्तातील द्रवापेक्षा) जास्त येते. हा दोष रुग्णाच्या सीएसएफमध्ये (मेंदूभोवतीच्या द्रवात) अधिक फसवा ठरतो, कारण त्यात मुळातच रक्त मिसळलेले असते. नळी टेबलावर पडून राहिली की पेशी फुटतात आणि नळीत घडलेले आपण मेंदूत घडले असे लिहून मोकळे होतो. हा द्रव बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या पिशवीत तासन्‌तास साचलेला द्रव कधीही घेऊ नये. ताजा नमुना लगेच सेंट्रिफ्यूज करून द्रव उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावा, प्रत्येक नमुन्यात हिमोग्लोबिन मोजावे आणि रक्तस्रावाचा कितवा दिवस आहे ते नळीवर लिहावे. थ्रॉम्बॉक्सेन ए२ सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मे उरते, म्हणून त्याचे स्थिर रूप थ्रॉम्बॉक्सेन बी२ मोजले जाते. बहुअसंतृप्त मेदाम्ले हवेतच ऑक्सिडाइझ होतात. त्यामुळे अँटिऑक्सिडंट न घालता साठवलेल्या नमुन्यात दिसणाऱ्या आयसोप्रोस्टेनवर (अशा ऑक्सिडेशनातून बनणाऱ्या रेणूंवर) विश्वास ठेवता येत नाही.

याची उलट बाजूही आहे. हे लिपिड काच आणि प्लॅस्टिकला चिकटतात. धमनीने प्रतिसाद दिला नाही, तर आधी अल्ब्युमिनसारखा वाहक वापरला होता का ते तपासावे, मगच निष्कर्ष लिहावा.

स्फिंगोसीन-१-फॉस्फेट ‘आकुंचन करणारे’ आहे असे सरसकट म्हणणेही चुकीचे आहे. एंडोथेलियमवरील (धमनीच्या आतल्या अस्तरावरील) त्याचा एस१पी१ ग्राहक (रिसेप्टर) धमनी सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड वाढवू शकतो, तर स्नायूपेशीवरील एस१पी२ ग्राहक ऱ्हो-कायनेजच्या वाटेने ताण वाढवतो. एंडोथेलियम शाबूत असलेला आणि काढलेला असे दोन्ही तुकडे तपासल्याशिवाय एकाच मात्रेचा निकाल वाचता येत नाही.

प्राण्यांवरील प्रयोगांत वेळेची गल्लत होते. माणसात आकुंचन साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भरात येते. दोनदा रक्त टोचलेल्या कुत्र्यात ते सातव्या दिवसाच्या आसपास दिसते, पण उंदरात त्याहून बरेच लवकर. त्यामुळे सातव्या दिवशी उंदराची धमनी रुंद दिसली म्हणून औषध लागू पडले असे ठरत नाही. औषध न दिलेल्या गटाची धमनी त्या दिवशी किती अरुंद आहे, ते आधी पाहावे. मोजमापासाठी धमनीचे ऊतक रसायनाने स्थिर करताना त्या द्रवाचा दाब शरीरातील दाबाइतका ठेवावा आणि तो प्रत्येक प्राण्यासाठी नोंदवावा. कमी दाबात निरोगी धमनीही अरुंदच दिसते.